स्टॉपवॉच आलं की सगळे हळू होतात

भोसरी एमआयडीसीत एका ओळखीच्या माणसाच्या गाळ्यात मागच्या वर्षी सकाळी सकाळी गेलो होतो. आत चार सीएनसी, दोन ड्रिलिंग मशीन, एक जुनी व्हीएमसी, भिंतीवर गणपतीचा फोटो आणि त्याच्या बरोबर खाली रिजेक्शनचा लाल बिन. मालक स्वतः एकेका मशीनपाशी जाऊन ऑपरेटरच्या कानात काहीतरी सांगत फिरत होता. मला वाटलं अर्जंट माल जायचाय. नंतर कळलं की अकरा वाजता कस्टमरकडून कॉस्टिंगवाला, म्हणजे एका नगाला किती वेळ लागतो ते मोजून भाव ठरवणारा, येणार आहे स्टॉपवॉच घेऊन, आणि मालक सांगत होता, "आज जरा निवांत घ्या, फीडचा नॉब ऐंशीवर ठेवा." फीड म्हणजे मशीन माल किती वेगाने कापते ते, आणि त्यामुळे जो फ्लँज रोज दोन मिनिटं चाळीस सेकंदांत निघतो तो त्या दिवशी तीन मिनिटं दहा सेकंदांत निघाला. कॉस्टिंगवाल्याने लिहून घेतलं, चहा-बिस्किट घेतलं, गेला. तोही काही दुधखुळा नव्हता, ऑफिसात जाऊन त्याने आपल्या अंदाजाने काहीतरी कापलंच असणार.

गंमत पुढे आहे. याच मालकाने आदल्या आठवड्यात माझ्याकडे कुरकुर केली होती की, "मी घड्याळ घेऊन उभा राहिलो की पोरं मुद्दाम हळू करतात हो, आणि मी जेवायला गेलो की तोच जॉब भराभर काढून ट्रॉलीखाली दडवून ठेवतात, मग शेवटचा अर्धा तास मोबाईल." मी काही बोललो नाही तेव्हा. पण त्या दिवशी कॉस्टिंगवाल्याची गाडी गेटबाहेर पडल्यावर त्याला म्हटलं, शेठ, तुम्ही आणि तुमची पोरं एकच धंदा करताय की. तो हसला. पण त्याला ते लागलं.

हा लेख त्याबद्दलच आहे. एकोणीस वर्षं चाकण-भोसरी पट्ट्यात क्वालिटीत काढली, आता लहान लहान वर्कशॉपना जाऊन लीन, काईझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायचे पाच नियम) वगैरे लावून द्यायचं काम करतो, म्हणजे माझं पोट याच्यावर चालतं, आणि तरी माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे हे रुजत नाही त्याचं कारण लोक आळशी आहेत किंवा "आपल्या लोकांना शिस्त नाही" हे नाहीये. कारण इतकंच आहे की सुधारणा केल्यावर जो वेळ वाचतो तो कोणाचा, हे कोणीच कोणाला सांगत नाही. मग प्रत्येक जण आपली वाचलेली तीस सेकंद खिशात लपवून बसतो. ऑपरेटर मालकापासून लपवतो, मालक कस्टमरपासून, कस्टमर कंपनीतला परचेसवाला आपल्या वरच्या साहेबापासून.

लीन म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. टोयोटाची पद्धत आहे ही मुळात. त्यांचे थोरले साकिची टोयोडा हे मागवाले, म्हणजे धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी केला, त्याचं पेटंट १९२९ साली प्लॅट ब्रदर्स या इंग्लिश कंपनीला एक लाख पौंडाला विकलं गेलं. इचलकरंजीच्या पॉवरलूमवाल्याला हे दोन मिनिटांत समजतं, धागा तुटल्यावर माग चालू राहिला तर काय होतं ते त्याला विचारा. त्यातून पहिलं तत्त्व आलं, की चूक झाली तर तिथेच थांबा, पुढे ढकलू नका. दुसरं तत्त्व, पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढंच बनवा. ताईची ओनो नावाच्या इंजिनिअरने हे वर्षानुवर्षं शॉपवर उभं राहून घडवलं, १९५६ ला तो अमेरिकेला गेला तेव्हा मोटारीच्या कारखान्यांइतकंच तिथल्या सुपरमार्केटचं त्याला अप्रूप वाटलं, कारण गिऱ्हाईक जेवढं उचलतं तेवढंच फळीवर परत भरलं जातं. ओनोने वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: जास्तीचं उत्पादन, थांबून राहणं, माल इकडून तिकडे नेणं, नको इतकी प्रक्रिया, साठा, हातापायांची फुकट हालचाल आणि खराब माल. "लीन" हे नाव मात्र जपानी नाही, ते १९८८ ला जॉन क्राफसिक या अमेरिकन माणसाने दिलं, आणि हा बाबा कुठे काम करून आला होता ते पुढे सांगतो.

आता पुण्यात या. कुठल्याही कंपनीत शिरा, रिसेप्शनच्या मागे बोर्ड असतो, हिरवा, त्यावर फाइव्ह एसचे पाच जपानी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, त्यातल्या एकात तरी शुद्धलेखनाची चूक. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या. हत्यारांच्या बोर्डावर प्रत्येक पान्याची सावली रंगवलेली आणि पाना नाही. "जिथल्या तिथे" हे तर आपल्या आज्ज्या रोज ओरडून सांगायच्या, त्यासाठी जपानला जायची गरज नव्हती खरं तर. हातासरशी हा शब्द घ्या, म्हणजे उठलेच आहे तर हातासरशी तेही करून टाकते, यात ओनोचा निदान एक सातवा हिस्सा आला. तेव्हा डोकं कमी आहे असं नाहीये, मुळीच नाही.

मग अडतं कुठे, ते एका माणसावरून सांगतो. नाव नको, शॉपवर सगळे त्यांना मामा म्हणायचे, तेवढं पुरे. मी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत होतो, प्रेस शॉपचा माल आमच्याकडे इन्स्पेक्शनला यायचा. मामा पॉवर प्रेसवर सेटर. एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरी चढवायला सव्वा तास लागायचा आणि तेवढा वेळ प्रेस बंद. का लागायचा? क्लॅम्पचे बोल्ट तीन मापांचे, म्हणून तीन पाने, त्यातला एक पाना कायम दुसऱ्या प्रेसवर गेलेला. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून खाली पॅकिंगच्या पट्ट्या टाकायच्या, त्या पट्ट्या स्टोअरमध्ये, स्टोअरवाला चहाला. मामांनी एका गुरुवारच्या सुट्टीत येऊन, म्हणजे भोसरी-पिंपरीकडे गुरुवारी वीकली ऑफ असतो, तिथून टूलरूमवाल्या मित्राला धरून आणून, सगळे बोल्ट एका मापाचे केले, पॅकिंगच्या पट्ट्या ज्या त्या डायलाच कायमच्या वेल्ड करून सगळ्या डाय एका उंचीच्या केल्या, आणि पाना साखळीने प्रेसलाच लटकावला. सव्वा तासाचं काम बावीस मिनिटांवर आलं. कुठली कन्सल्टन्सी नाही, कुठलं ट्रेनिंग नाही. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने १९६९-७० च्या सुमारास टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग तीन मिनिटांवर आणलं होतं, जगभर शिकवतात ते. मामांनी शिंगोचं नाव ऐकलं नव्हतं, पण केलं होतं अगदी तेच.

मामांचा सत्कार झाला. बोर्डावर फोटो, पाचशे रुपयांचं व्हाउचर, एक स्टीलचा डबा. फोटोत त्यांच्या शेजारी मीही उभा आहे, हसतोय.

पुढच्या महिन्यात हिशोब झाला की सेटिंग आता लवकर होतं तर शिफ्टला दोन सेटर कशाला, एक बास. दुसरा सेटर म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा होता, मामांच्याच गावचा, मामांनीच चिकटवलेला. कॉन्ट्रॅक्टरने त्याला संध्याकाळी गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. बस. त्यानंतर रिटायर होईपर्यंत मामांनी सूचना पेटीत एक चिठ्ठी टाकली नाही. मी दोनदा विचारलं, ते म्हणाले, "साहेब, डबा चांगला आहे, बायको त्यात रवा ठेवते."

आता यातला टेक्निकल भाग बघा, कारण तो फार महत्त्वाचा आहे आणि नेहमी राहून जातो. सेटिंगचा वेळ कमी करायचा तो माणूस कमी करायला नाही. तो लॉट लहान करायला. सव्वा तास लागतो म्हणून तुम्ही एकदा डाय चढवली की पाच हजार नग ठोकून काढता, मग ते पाच हजार नग बिनमध्ये पडून राहतात, गंजतात, पैसा अडकतो, आणि त्यात बर, म्हणजे कडेला धातूची धार, आलेली असेल तर पाच हजारात आलेली असते. बावीस मिनिटांत डाय बदलत असेल तर हजार-हजारचे लॉट घ्या, दिवसात पाच वेळा बदला, पुढच्या लाइनला जे लागतंय तेच द्या. त्या कंपनीत लॉट पाच हजाराचाच राहिला. फक्त पोरगा गेला. म्हणजे मामांनी सोन्याची खाण दाखवली आणि यांनी वरची माती विकून पैसे केले, खाली खणलंच नाही. एका पोराचा पगार वाचला तो दिसला, अडकलेला माल कोणाला दिसत नाही कारण तो बॅलन्स शीटवर ॲसेट म्हणून बसलेला असतो.

टोयोटात हा प्रश्न आला नव्हता का, तर आला होता, आणि फार वाईट पद्धतीने आला होता. १९५० साली कंपनी बुडायच्या बेतात होती, बँकांनी अटी घातल्या, मोठा संप झाला, शेवटी हजारावर लोकांना जावं लागलं. आणि किइचिरो टोयोडा, म्हणजे ज्याने मोटारीचा कारखाना काढला तो माणूस, लोकांना काढायची वेळ आपल्यामुळे आली म्हणून स्वतः अध्यक्षपद सोडून गेला. पुढच्या वर्षी, १९५१ ला, तिथे कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली, आणि १९६२ ला कंपनी आणि युनियन यांनी मिळून परस्पर विश्वासाचा जाहीरनामा काढला. हा क्रम नीट बघा. आधी ठेच, मग मालकाने किंमत मोजली, मग उरलेल्यांना नोकरीची शाश्वती, आणि त्या शाश्वतीवर सूचना. आपण काय केलं, तर शेवटचं पान फाडून आणलं आणि भिंतीवर चिकटवलं.

कोणी म्हणेल ते जपानी, त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून क्राफसिकची गोष्ट सांगायची राहिली होती ती आता. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, इतका बदनाम की १९८२ ला बंदच केला. गैरहजेरी, दारू, मुद्दाम खराब केलेल्या गाड्या, सगळं. १९८४ ला टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना परत उघडला, बहुतेक कामगार तेच, युनियन तीच. करारात लिहून दिलं की अगदी टोकाची वेळ आल्याशिवाय लेऑफ नाही. थोड्याच काळात तिथली गाडी जपानमधल्या गाडीच्या तोडीची निघायला लागली. १९८८ च्या सुमारास खप पडला तेव्हा परीक्षा झाली, तर कोणाला काढलं नाही, रिकाम्या लोकांना ट्रेनिंगला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. क्राफसिक तिथे इंजिनिअर होता, तिथून शिकायला गेला आणि त्याने हा "लीन" शब्द काढला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आपल्या परचेसवाल्यांनी "माणसं कमी करा" असा लावलाय तो शब्द अशा कारखान्यातून आलेल्या माणसाचा आहे जिथे माणसं कमी करणार नाही असं लिहून दिलं होतं.

आपल्याकडे मात्र शॉपवर कोण उभं असतं? कायम कामगार आता म्हातारे होत चाललेत आणि मोजके उरलेत. बाकी कॉन्ट्रॅक्टचे, ट्रेनी, अप्रेंटिस. सात महिने झाले की ब्रेक द्यायचा कारण २४० दिवस भरले तर तो कायद्याने हक्क सांगेल ही भीती. आता सातव्या महिन्यात जाणाऱ्या पोराला तुम्ही म्हणताय की सतत सुधारणा कर. सतत म्हणजे किती, सात महिने? मशीनचा आवाज ओळखायला यायला लागतो तेवढ्यात तो बाहेर, आणि शेजारच्या कंपनीत परत हेल्पर म्हणून सुरू. नवीन आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात रिजेक्शन काढतो, त्याची मीटिंग होते, त्या मीटिंगमध्ये फाइव्ह व्हाय करतात.

या फाइव्ह व्हायचं काय सांगू. ओनोचं स्वतःचं उदाहरण आहे: मशीन थांबली, का? फ्यूज उडाला. का? लोड जास्त आला. का? बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता, कारण गाळणी नव्हती आणि लोखंडाचा कीस आत जात होता. उत्तर काय, तर गाळणी बसवा. सबंध उदाहरणात माणूस कुठेही नाही. आता मी एकोणीस वर्षांत किती रिपोर्ट पाहिले असतील, शेकड्यांनी, त्यातल्या बहुतेकांचा पाचवा का येऊन थांबतो "ऑपरेटर निग्लिजन्स" वर, आणि उपाय, "ऑपरेटरला समज दिली, ट्रेनिंग दिलं, सही घेतली." मीही लिहिलेत असे, खोटं कशाला बोलू, ऑडिट उद्या असतं आणि कस्टमरला रिपोर्ट चोवीस तासांत पाहिजे असतो. पण गाळणी बसवायची राहतेच.

आता एक पायरी वर जाऊ, व्हेंडरकडे, म्हणजे मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्याकडे. मोठ्या कंपनीत साठा शून्य, जस्ट इन टाइम, साहेब लोक परदेशी पाहुण्यांना फिरवून दाखवतात. आणि साठा गेला कुठे? तो महाळुंगे, खराबवाडी, कुरुळीच्या गाळ्यांत बसलाय. व्हेंडरने भाड्याने गाळा घेतलाय, भाडं त्याचं, माल त्याचा, विमा त्याचा, तिथून टेम्पो दिवसातून चार वेळा जातो. चाकणच्या तळेगाव चौकात टेम्पो अडकला की लाइन थांबली म्हणून डेबिट नोट, म्हणजे पैशांची कपात, व्हेंडरला. त्या चौकात ट्रॅफिक कधी सुटेल हे कोणालाही माहिती नसतं, तेव्हा व्हेंडर काय करतो, अर्धा दिवस आधीच टेम्पो पाठवून गेटबाहेर उभा करतो, ड्रायव्हर तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. ओनोच्या यादीतले थांबणं, वाहतूक आणि साठा हे तीन प्रकार एका टेम्पोत बसलेत, पण ते कंपनीच्या भिंतीबाहेर आहेत म्हणून मोजायचे नाहीत. हे लीन नाही, हे घर झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटणं आहे.

जपानमध्येही साठा कमी ठेवण्यात धोका असतोच, तो त्यांनी भोगलाय. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन नावाच्या त्यांच्या सप्लायरच्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच व्हायचा, टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. मग डझनावारी इतर कंपन्यांनी, ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधी केला नव्हता त्यांनी, ड्रॉइंग घेऊन मिळेल त्या मशीनवर तो काढला आणि काही दिवसांत गाड्या परत सुरू. विचार करा, आपल्याकडे उद्या तसं झालं तर व्हेंडर मदतीला धावतील का, की आधी विचारतील मागच्या मार्चचं पेमेंट कधी देताय? आणि २०११ च्या त्सुनामीनंतर टोयोटाने शहाणपणाने ठरवलं की चिपसारख्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा ठेवायचा. म्हणजे साठा शून्य हा काही वेदातला मंत्र नव्हे, ते स्वतः तो मोडतात.

पेमेंटचं निघालंच आहे तर. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्यात आहे की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही आलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत वजा धरता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण तिप्पट व्याज मागणारा व्हेंडर मला दाखवा, मी त्याला शनिवारवाड्यासमोर हार घालतो. मागितलं की पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, दुसऱ्याला. शिवाय जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, हीच आठ-दहा दिवस उशिरा करायची युक्ती आहेच, माल आत गेला तरी कागदावर आला नाही. आता ज्याचे पैसे तीन-तीन महिने अडकलेत तो ऑपरेटरला कायम करेल, त्याला शिकवेल, लॉट लहान करेल? तो कॅश क्रेडिटचं व्याज भरेल आणि गप्प बसेल. त्यात दरवर्षी कस्टमरचा मेल, यावर्षी दोन-तीन टक्के प्राइस कमी करा, तुम्ही सुधारणा करताय ना. केली सुधारणा की रेट खाली, मग पुढच्या वेळी स्टॉपवॉच आल्यावर फीडचा नॉब ऐंशीवर. मामा आणि हा शेठ, दोघांची गोष्ट एकच आहे, फक्त एकाला डबा मिळाला आणि दुसऱ्याला दिवाळीच्या व्हेंडर मीटला ट्रॉफी.

अजून एक. टोयोटाच्या भाषेत तीन शब्द आहेत, मुदा, मुरा, मुरी. (मुरमुऱ्यांशी संबंध नाही, ट्रेनिंगला हा विनोद दर वेळी होतो.) मुदा म्हणजे वाया जाणं, मुरा म्हणजे चढउतार, आज रिकामं उद्या तुंबलेलं, आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा मशीनवर झेपणार नाही इतकं ओझं. आपण मुदाच्या मागे हात धुऊन लागलोय आणि बाकीच्या दोघांकडे ढुंकून बघत नाही. पुण्यातल्या कुठल्याही वर्कशॉपला विचारा महिना कसा जातो. एक ते दहा तारीख कच्चा माल नाही, पोरं मशीन पुसत बसलेली. दहा ते वीस बरं. पंचवीस तारखेनंतर आग लागल्यासारखं, डबल शिफ्ट, रात्री अकराला मालक स्वतः टेम्पोत बॉक्स चढवतोय, एकतीसला कस्टमरचं डिस्पॅच टार्गेट. मग त्याच आठवड्यात रिजेक्शन, त्याच आठवड्यात बोट चेमटणं. यावर औषध आहे, शेड्यूल सपाट करणं, महिनाभर रोज थोडं थोडं. ते व्हेंडरच्या हातात नाही, जो ऑर्डर देतो त्याच्या हातात आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला मंजुरी दिली, तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर, कामगाराची लेखी संमती घेऊन. मला ओव्हरटाइमचे पैसे हवे असणारे लोक माहितीयेत, घराचा हप्ता असतो, मुलाची फी असते, त्यांच्यासाठी हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण धंद्याच्या बाजूने बघा. पहिल्या दहा दिवसांत पोरं बसून आणि शेवटच्या पाच दिवसांत बारा तास, याला आपण कायद्यातून उत्तर शोधतोय, नियोजनातून नाही. आणि सात महिन्यांचा पोरगा लेखी संमती देतो म्हणजे काय देतो, त्याने नाही म्हटलं तर आठव्या महिन्याचा प्रश्नच येत नाही. दहाव्या तासाला गो-नोगो गेज, म्हणजे माल मापात आहे की नाही ते दाखवणारं माप, हातात धरून उभं राहून बघा, मी राहिलोय, गो आणि नोगो सारखेच दिसायला लागतात.

टोयोटा म्हणजे देवमाणसं असंही मी म्हणत नाही. तिथेही हंगामी कामगार आहेत, सप्लायरवर रेटचा दबाव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच मालकीच्या दाइहात्सूत सुरक्षा चाचण्यांतले घोटाळे उघड झाले, ६४ मॉडेल, १७४ गैरप्रकार, जपानमधलं सगळं उत्पादन थांबवावं लागलं, आणि चौकशी समितीने कारण सांगितलं ते म्हणजे अशक्य वाटावं इतकं घट्ट वेळापत्रक आणि "नाही होणार" असं वर सांगायची सोय नसणं. मुरी. ज्यांनी शब्द दिला त्यांनाच तो नडला. मला तर हे माझ्या मुद्द्याच्या बाजूचंच वाटतं, की पद्धत कागदावर कितीही चांगली असो, खालच्या माणसाला दोरी ओढून लाइन थांबवायची भीती वाटली की संपलं. तिथे पाच-सहा माणसांमागे एक टीम लीडर असतो, दोरी ओढली की तो येतो, "काय झालं" विचारतो. आपल्याकडे चाळीस माणसांमागे एक सुपरवायझर, आणि तो आला की पहिला प्रश्न "कोणी थांबवली?"

मालकांची बाजू मला कळते. मार्जिन नाही, स्पर्धा आहे, काम दुसऱ्या राज्यात जाईल ही भीती खरी आहे. पण हमी द्यायला पैसे लागतात हे अर्धसत्य आहे. "सूचनेमुळे कोणाचं काम जाणार नाही, माणूस मोकळा झाला तर त्याला दुसऱ्या मशीनवर शिकवू, आणि जे वाचेल त्यातला ठरलेला हिस्सा शॉपवर वाटू" एवढं लिहून द्यायला एक कागद लागतो. माणसं तशीही दर वर्षी स्वतःहून सोडून जातात, नवीन घ्यायची थांबवली तरी काम भागतं. तसंच मोठ्या कंपनीने व्हेंडरला लिहून द्यावं की तू जे वाचवशील ते पहिली दोन वर्षं तुझं, नंतर निम्मं निम्मं. मग बघा स्टॉपवॉचवाल्याला कोण चहा पाजतं ते. केंद्र सरकारची एमएसएमई लीन योजना १० मार्च २०२३ ला नव्याने सुरू झाली, बेसिक, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, कन्सल्टंटच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. माझ्यासारख्यांची सोय झाली, तक्रार नाही. पण कन्सल्टंट पट्ट्या मारून देऊ शकतो, बोर्ड लावून देऊ शकतो, शब्द देऊ शकत नाही. तो मालकानेच द्यायचा. सरकारने निदान ॲडव्हान्स्डच्या सर्टिफिकेटला अशा लेखी हमीची अट घालावी असं मला वाटतं, आणि मोठ्या कंपन्यांना विचारावं की तुमचा साठा कोणाच्या गाळ्यात आहे.

त्या भोसरीच्या शेठला मी हा कागद तयार करून दिला. त्याने दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मी करतो सही. पण माझ्या कस्टमरची सही मला कोण आणून देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये. तरी त्याने केली सही, लॅमिनेट करून गणपतीच्या फोटोशेजारी लावली, वर पोरांना म्हणाला की माझ्याकडून चुकलं तर हा कागद मला दाखवा.

पहिल्या महिन्यात नऊ सूचना आल्या. त्यातल्या सहा पंख्याच्या, पाण्याच्या कूलरच्या आणि संडासच्या कडीच्या. शेठ वैतागला, म्हणाला यात काईझेन कुठे आहे, यांना फुकटचं पाहिजे. मी म्हटलं आधी पंखे लावा, कडी बसवा, आठ दिवसांच्या आत, ती पोरं तुम्हाला तपासतायत. लावले त्याने. मग एका ड्रिलिंगवाल्या पोराने, बोलायलाही लाजतो असा आहे तो, दुपारी जेवणानंतर शेठला हळूच बोलावून घेतलं आणि ट्रॉलीखालचे नग काढून दाखवले, म्हणाला, हे असे निघतात, फिक्श्चर जरा फिरवलं की.